धर्मपरीक्षा : धार, सीहोर, पुणे आणि महू
(प्रस्तावना)

ईश्वराची इच्छा कोणत्या धर्माच्या आचरणाने अधिकांत अधिक पूर्ण होते, या प्रश्नाच्या पोटात तीन गृहीते दडलेली असतात. ईश्वर आहे, हे पहिले. माणसाने कसे वागावे याविषयी त्याची काही इच्छा आहे, हे दुसरे. आणि निरनिराळे धर्म समोर ठेवून, त्यांची पारख करून, त्यांतील एक पत्करण्याची मुभा माणसाला आहे, हे तिसरे. पहिल्या दोन गृहीतांवर आस्तिक-नास्तिकांनी हजारो वर्षे वाद घातला आहे. तिसऱ्याकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही, आणि ज्याला धर्मशोध म्हणता येईल त्याचा खरा इतिहास या तिसऱ्या गृहीतातच आहे. माणसाला धर्म जन्माने मिळतो. तो पारखून घेण्याचा हक्क आपल्याला आहे असे म्हणणाऱ्या पहिल्या व्यक्तीला तिच्या घरात, जातीत आणि राज्यात काय सोसावे लागले, हे पाहिल्याशिवाय तिने काढलेल्या उत्तराचे मोल कळत नाही.

हा इतिहास मराठी वाचकापुढे मांडताना सुरुवात पुण्या-मुंबईपासून करण्याची प्रथा आहे. येथे ती माळव्यापासून केली आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. धार, तिरला, अमझेरा या पट्ट्यात मराठे अठराव्या शतकात स्थिरावले. 29 नोव्हेंबर 1728 रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगल सुभेदाराचा पराभव केला, पुढे धार आणि देवास येथे पवारांची राज्ये उभी राहिली आणि त्यांच्यामागून आलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या तेथेच वाढल्या. ज्या धार नगरीत ही कुटुंबे राहिली, त्या नगरीत ‘सर्व मतांत खरे मत कोणते’ हा प्रश्न त्यांच्या आधी सात शतके राजसभेत विचारला गेल्याची कथा आहे. माळव्यातीलच सीहोर येथे 1839 मध्ये एका मराठी ज्योतिष्याने याच प्रश्नाला संस्कृतात उत्तर लिहिले. आणि धारेच्या पूर्वेस असलेल्या महू छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी ज्यांचा जन्म झाला, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाची मांडणीच बदलून टाकली.

प्रथम भोजाच्या सभेकडे वळावे. परमार राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेला राज्य करीत होता, आणि त्याच्या दरबारात वैदिक, शैव, जैन अशा निरनिराळ्या मतांचे पंडित वावरत होते. ‘मत’ आणि ‘दर्शन’ हे त्या काळचे शब्द होत. ईश्वर, जीव आणि मुक्ती यांविषयी एका परंपरेने ठरवलेला सिद्धांत, एवढाच त्यांचा अर्थ, आणि त्यात आजच्या धर्म या शब्दाप्रमाणे जनगणनेतील रकाना अभिप्रेत नव्हता. प्रभाचंद्राच्या ‘प्रभावकचरित’ या विक्रम संवत 1334 मध्ये रचलेल्या ग्रंथात असे सांगितले आहे की, सगळ्या दर्शनांच्या लोकांनी मिळून एकच मत ठरवावे म्हणून भोजाने त्यांना कोंडून ठेवले आणि एकमत होईपर्यंत सोडायचे नाही असा हुकूम दिला. गुजरातेतून आलेल्या सूराचार्य नावाच्या जैन साधूने तेव्हा राजाला विनंती केली की, धारेतील वेगवेगळ्या पेठांतील सगळी दुकाने आधी एक करून दाखवावीत. वेगळ्या वस्तूंची वेगळी गिऱ्हाइके असतात, ती दुकाने एक कशी होतील, असे राजा म्हणाला. तेव्हा हाच न्याय दर्शनांना लावावा, दयेची ओढ असणारा एकीकडे जाईल आणि व्यवहार सांभाळू पाहणारा दुसरीकडे, असे साधूने उत्तर दिले, आणि कोंडलेल्यांची सुटका झाली.

मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त, म्हणजे संवत 1361 च्या ग्रंथात, याच प्रसंगाचा दुसरा पाठ आढळतो. त्यात निवाडा सरस्वती देते, आणि तो एका मताच्या बाजूने नसतो: बौद्धांचे ऐकावे, जैनांप्रमाणे आचरण करावे, लोकव्यवहार वेदाला धरून चालवावा आणि ध्यान शिवाचे करावे, असा त्याचा आशय आहे. दोन्ही ग्रंथ भोजानंतर दोन-अडीचशे वर्षांनी जैन लेखकांनी लिहिलेले आहेत, त्यामुळे सभेत प्रत्यक्ष काय घडले याचा पुरावा म्हणून ते वापरता येणार नाहीत. परंतु तेराव्या-चौदाव्या शतकातील विचारवंतांना हा प्रश्न कसा दिसत होता, याचा ते उत्तम पुरावा आहेत. सत्ता हाती असलेल्या माणसाला एकच उत्तर हवे असते, त्यासाठी तो लोकांना डांबून ठेवतो, आणि विद्वान त्याला समजावतो की माणसांच्या गरजा भिन्न असल्यामुळे मतेही भिन्न राहणार. या समजुतीत मोठा शहाणपणा आहे. तिच्यात एक उणीवही आहे, जी पुढील सातशे वर्षे तशीच राहिली. पेठेत शिरण्याचीच ज्याला बंदी आहे, त्याने कोणत्या दुकानात जावे, याचा विचार सूराचार्याच्या उत्तरात नाही. शिवाय राजाचे मन वळवले म्हणून साधू सुरक्षित राहिला असेही नाही. राजाच्या पंडितांशी पुढे झालेल्या वादानंतर, कवी धनपालाच्या मदतीने, त्याला धार गुपचूप सोडावी लागली असे त्याच चरितात म्हटले आहे.

हा धनपाल स्वतः धारेतील धर्मशोधाचे बोलके उदाहरण आहे. जन्माने ब्राह्मण, मुंज व भोज या राजांच्या आश्रयास असलेला आणि ‘तिलकमंजरी’ या गद्यकाव्याचा कर्ता असलेल्या या कवीचा धाकटा भाऊ शोभन जैन मुनी झाला. जैन परंपरा सांगते की धनपालाने आधी या गोष्टीला कडाडून विरोध केला आणि पुढे त्याच भावाच्या संगतीने स्वतः जैन मत स्वीकारले. धर्म बदलला तरी राजसभेतील त्याचे स्थान टिकले, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण एकोणिसाव्या शतकात धर्म पारखणाऱ्या मराठी माणसांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे रूप पालटले ते मिशनरींच्या आगमनाने आणि छापखान्याने. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने संस्कृत श्लोकांत प्रसिद्ध केला. खरा धर्म ओळखण्याच्या त्याने तीन कसोट्या दिल्या: धर्मस्थापकाच्या ठिकाणी अलौकिक सामर्थ्य असल्याची विश्वसनीय साक्ष असावी, धर्मग्रंथ पवित्र आशयाचा असावा, आणि तो धर्म एका देशापुरता किंवा जातीपुरता न राहता सर्व मानवांसाठी असावा. या तिन्ही कसोट्यांवर ख्रिस्ती धर्मच उतरतो, हा म्यूरचा निष्कर्ष ठरलेलाच होता, आणि कसोट्याही त्या निष्कर्षाकडे पाहूनच घडवल्या होत्या असे म्हणावे लागते. तरीसुद्धा तिसरी कसोटी महत्त्वाची होती. ईश्वर सर्वांचा असेल तर त्याची इच्छा जन्मावरून माणसे वगळणारी कशी असेल, हा प्रश्न तिच्यातून निघतो, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नव्हती.

‘मतपरीक्षे’ला पहिले उत्तर माळव्यातून गेले. सीहोर येथे लॅन्सेलॉट विल्किन्सन हा इंग्रज पोलिटिकल एजंट संस्कृत पाठशाळेला उत्तेजन देत होता, आणि त्याच्या सहवासात सुबाजी बापू नावाचे महाराष्ट्रीय ज्योतिषी काम करीत होते. पुराणांतील भूगोल, सिद्धांतग्रंथांतील गणित आणि कोपर्निकसचे सूर्यकेंद्री मत यांची तुलना करणारा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ त्यांनी 1836 मध्ये मराठीत लिहिला होता; पृथ्वी फिरते हे पटले म्हणून पूर्वजांना टाकून दिले पाहिजे असे त्यांना वाटले नाही, आणि पूर्वजांचा मान राखायचा म्हणून पृथ्वीला स्थिर मानण्याचीही गरज त्यांना भासली नाही. 1839 मध्ये सोमनाथ या नावाने निघालेली ‘मतपरीक्षाशिक्षा’ अभ्यासक त्यांचीच मानतात. ‘अधिकार’ या संकल्पनेवर तिचा सगळा भर आहे. अधिकार म्हणजे येथे सत्ता नव्हे. एखादी साधना किंवा शिकवण पेलण्याची माणसाची पात्रता, जी त्याचा जन्म, संस्कार आणि पूर्वकर्म यांनी घडते. ज्याचा जसा अधिकार तशी वाट ईश्वरानेच त्याला दिली आहे, म्हणून प्रत्येकाने आपल्या वाटेने जावे आणि दुसऱ्याच्या धर्माची निंदा करू नये, असा सोमनाथाचा युक्तिवाद आहे.

या उत्तराचा सौम्यपणा मनाला भावणारा आहे. म्यूरने टीका केलेली असताना सोमनाथ उलट टीकेत रमत नाही. ख्रिस्ती धर्मही ख्रिस्ती माणसासाठी ईश्वराचीच योजना आहे असे तो मानतो. परंतु अधिकाराचा हाच सिद्धांत ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नाही त्याच्या दृष्टीने वाचला, तर त्याचा अर्थ पार बदलतो. अस्पृश्याच्या जन्माला आलेल्याचा अधिकार अस्पृश्याचा, आणि ती ईश्वराची इच्छा, असा निष्कर्ष या सिद्धांतातून काढता येतो आणि शतकानुशतके काढलाही गेला. सहिष्णुता आणि विषमता एकाच तत्त्वावर उभ्या राहू शकतात, हे सीहोरच्या या छोट्या ग्रंथात जितके स्पष्ट दिसते तितके मोठमोठ्या भाष्यांतही दिसत नाही.

म्यूरला सर्वांत सखोल उत्तर दिले ते काशीच्या नीलकंठशास्त्री गोरे यांनी. बुंदेलखंडातील चित्पावन घराण्यात 1825 मध्ये जन्मलेल्या या तरुणाने विशीच्या आतबाहेर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. त्यात त्याने म्यूरच्या कसोट्यांनाच हात घातला: धर्माचा निर्णय आधी तर्काने करता येत नाही, श्रद्धा आधी आणि तर्क तिच्या मागून; शिवाय एकच जन्म देऊन त्यातील चुकीसाठी कायमचा नरक देणारा, आणि तान्ह्या मुलांना व मुक्या जनावरांना विनाकारण दुःख भोगायला लावणारा ईश्वर न्यायी कसा, असा सवाल त्याने केला. ख्रिस्ती मताचे खंडन नीट करायचे तर ते मत नीट वाचले पाहिजे, म्हणून त्याने बायबलाचा अभ्यास चालू ठेवला, आणि त्या अभ्यासाच्या अखेरीस 14 मार्च 1848 रोजी जौनपूर येथे त्याने स्वतःच बाप्तिस्मा घेतला. फादर नेहेम्या गोरे या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या पंडिताने ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून ज्या दर्शनांची बाजू आधी घेतली होती त्यांचेच खंडन केले. आणि तरीही शंकांनी त्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. गोरे यांना ना हिंदू परंपरेने जपले, ना ख्रिस्ती इतिहासाने पुरेसे स्मरले. प्रामाणिक शोध म्हणजे अखेरची खात्री, ही समजूत मात्र त्यांचे आयुष्य वाचल्यावर टिकत नाही. त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ शंभराहून अधिक वर्षे छापला गेला नव्हता. 1951 मध्ये तो उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेने, सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांच्या संपादनाखाली, प्रकाशित केला. म्हणजे काशीत लिहिलेला हा ग्रंथ वाचकांपर्यंत पोहोचवण्याचे कामही माळव्यातील मराठी विद्वत्तेनेच केले.

गोरे यांच्या धर्मांतराच्याच सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांचे सहकारी परमहंस सभा चालवीत होते. ईश्वर एक, माणसांची जात एक, असे मानणाऱ्या या मंडळींची 1849 च्या सुमारास सुरू झालेली सभा गुप्त होती आणि दारे लावून भरत असे. नव्या सभासदाला ख्रिस्ती भटारखान्यातील पाव सर्वांसमक्ष खावा लागे. जातिबंधन मनाने सोडले एवढे सांगणे पुरेसे नव्हते, ते तोंडात घालून दाखवावे लागे. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस जाऊन फुटली आणि सभा मोडली. दाराआड पाव खाणारी माणसे उजेडात त्याची कबुली देऊ शकली नाहीत, याबद्दल त्यांना भित्रे ठरवण्याचे कारण नाही. वाळीत पडणे म्हणजे मुलांची लग्ने न होणे आणि घरातील प्रेताला खांदेकरी न मिळणे, हे त्यांना माहीत होते. 1867 मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तोच एकेश्वरी विचार उघडपणे मांडला. परंतु धर्म न सोडता धर्म शुद्ध करण्याचा त्याचा मार्ग सुशिक्षितांच्या वर्तुळाबाहेर फारसा पोहोचला नाही. पुढे विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 मध्ये अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढून ते वर्तुळ भेदण्याचा नेटाने प्रयत्न केला.

गोरे यांच्या लेखनाचा आणि पत्रव्यवहाराचा प्रभाव ज्यांच्यावर पडला, त्या पंडिता रमाबाईंचा शोध याहून वेगळ्या जातीचा आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीने बालपणी तीर्थयात्रा केल्या, दुष्काळात आईवडील गमावले, कलकत्त्यात पांडित्याचा गौरव मिळवला, ब्राह्मो विचार जवळून पाहिला, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तेथे त्यांचा शोध संपला असे समजणाऱ्यांनी त्यांची नंतरची पत्रे वाचावीत. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच ईश्वरातील तीन व्यक्ती आहेत हे चर्चचे मत, बायबलात आपल्याला सापडले तरच मानू, असा आग्रह त्यांनी धरला. पाद्र्याच्या आज्ञेपेक्षा स्वतःच्या सदसद्विवेकाला त्यांनी वरचे स्थान दिले, आणि त्यामुळे वाँटेजच्या जोगिणी त्यांच्यावर नाराज झाल्या. एक प्रसंग तर फार बारीक आणि फार बोलका आहे: त्यांना घालायला दिलेल्या क्रुसावरील मजकूर लॅटिनमध्ये होता, आपल्या देशातील बायांना न कळणारी ती भाषा ईश्वराला संस्कृतहून प्रिय आहे काय, असा त्यांचा रोख होता. पुरोहिताची मक्तेदारी मोडून बाहेर पडलेल्या विदुषीला नव्या घरातही पुरोहितच भेटला, आणि तिने त्यालाही तोच प्रश्न विचारला. ईश्वराची इच्छा जाणून घेण्याचा हक्क बाईला थेट आहे, मध्यस्थामार्फत नव्हे, हा रमाबाईंचा खरा सिद्धांत होय. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये परित्यक्ता, विधवा आणि दुष्काळग्रस्त मुलींसाठी त्यांनी उभे केलेले काम त्यातूनच आले.

आता जोतीराव फुल्यांकडे यावयाचे. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयावरील मराठीतील सर्वांत मौलिक ग्रंथ त्यांचा आहे. 1888 मध्ये पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडल्यावर डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ लिहिले, आणि 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाल्यावर 1891 मध्ये ते छापून निघाले. प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेल्या या पुस्तकात ईश्वरासाठी ‘निर्मिक’ ही संज्ञा योजली आहे. निर्मिक म्हणजे विश्व निर्माण करणारा, ज्याला अवतार घेण्याची, मूर्तीत बसण्याची किंवा दलाल नेमण्याची गरज नाही. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, टॉमस पेनचे लेखन त्यांनी तरुणपणी वाचले होते, आणि ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी त्यांच्या परिचयाचे होते. तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. कोणताही एक ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत सत्याने भरलेला नाही, प्रत्येकात काही सत्य आहे आणि प्रत्येकावर तो लिहिणाऱ्यांच्या काळाचा व हितसंबंधांचा ठसा आहे, असे त्यांचे मत होते.

म्यूरने धर्माची परीक्षा स्थापकाच्या चमत्कारांवरून केली, सोमनाथाने ती अधिकारावर सोपवली, गोऱ्यांनी तिला श्रद्धेच्या मागे ठेवले. फुल्यांनी परीक्षेची जागाच हलवली. निर्मिक न्यायी असेल तर त्याने सर्व स्त्रीपुरुषांना सारखेच हक्क देऊन जन्मास घातले असणार. म्हणून जो आचार एका माणसाला दुसऱ्याचा दास करतो तो निर्मिकाच्या इच्छेविरुद्ध आहे, मग तो कोणत्याही ग्रंथात लिहिलेला असो. पूजेतील फुले, नैवेद्य आणि नामस्मरण यांचा विचारही ते याच रोखाने करतात: फुले निर्मिकानेच माणसांसाठी केली, ती त्यालाच परत वाहण्यात काय अर्थ, आणि धान्याची गरज त्याला नसून उपाशी माणसाला आहे. पूजेतून जो खर्च होतो तो शेतकऱ्याच्या घरातून निघतो आणि पुरोहिताच्या घरात जातो, हे त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना तपशिलाने पाहिलेले होते, त्यामुळे त्यांचे ईश्वरशास्त्र आणि अर्थशास्त्र वेगळे करता येत नाही.

त्यांचे सर्वांत धाडसी चित्र कुटुंबाचे आहे. एकाच घरातील बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून हवे तर तो धर्म घ्यावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म पत्करावा, आणि या सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता, आपण सर्व निर्मिकाच्या एका कुटुंबातील आहोत असे समजून एकत्र राहावे, असे फुल्यांनी लिहिले. या चित्रात क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: प्रत्येक जण आधी पुस्तक वाचतो आणि मग धर्म घेतो, आणि त्या वाचणाऱ्यांत पहिले नाव बाईचे आहे. सूराचार्याने पेठेतील दुकाने वेगळी राहू द्या म्हटले होते. फुल्यांनी वेगळे धर्म एका चुलीपाशी आणून बसवले. ज्या काळी परमहंस सभेचे सभासद पावाचा तुकडा दाराआड खात होते, तो काळ सरून पुरती तीस-चाळीस वर्षेही झाली नव्हती. भारतीय भाषांतील धर्मचर्चेत या चित्राइतकी पुढची मजल क्वचितच कोणी मारली असेल.

फुल्यांचे पुस्तक ज्या वर्षी छापले गेले, त्याच वर्षी महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव जन्मास आले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे ही आधुनिक भारतातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत जाहीर धर्मपरीक्षा होय. 31 मे 1936 रोजी मुंबईत केलेल्या, ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाषणात त्यांनी धर्मांतराचा विचार ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही अंगांनी केला. शीख धर्माचा त्यांनी काही काळ गंभीरपणे विचार केला. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे येऊन गेले. 1950 मध्ये लिहिलेल्या बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावरील लेखात त्यांनी आपल्या कसोट्या नोंदवल्या: समाजाला नीतीचा आधार हवा, धर्म बुद्धीला पटणारा हवा, त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मान्य केली पाहिजे, आणि दारिद्र्याचे उदात्तीकरण त्याने करता कामा नये.

म्यूरच्या तीन कसोट्यांशेजारी या चार ठेवल्या म्हणजे एका शतकात केवढे अंतर कापले गेले ते ध्यानी येते. यांत चमत्कार नाही आणि ईश्वरही नाही. ज्याला ईश्वरेच्छेचे नाव सांगून पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्याने ईश्वरेच्छा हा आधारच नाकारला आणि परीक्षा मात्र कायम ठेवली. फुल्यांच्या निर्मिकाचा न्याय आणि आंबेडकरांच्या बुद्धाची समता यांत ईश्वरशास्त्राचा फरक मोठा आहे, परंतु आचरणाची कसोटी एकच आहे. ज्या आस्तिक वाचकाला आंबेडकरांची वाट मान्य नसेल, त्यालाही हे मान्य करावे लागेल की, त्यांनी नाकारलेला ईश्वर नाकारण्यासारखाच होता.

नागपूरच्या दीक्षेसंबंधी एक तपशील आवर्जून नोंदवण्यासारखा आहे. मिशनरींच्या धर्मांतरकार्याची चौकशी करण्यासाठी तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने 1954 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी, यांनी 1956 मध्ये आपला अहवाल सादर केला, आणि त्याच वर्षी नागपुरात आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत ते स्वतः होते. इतरांच्या धर्मांतराकडे संशयाने पाहणाऱ्या अहवालाचा कर्ता स्वतःच्या धर्मांतराच्या हक्काबद्दल निःशंक होता. पुढे 1968 मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्य या नावाचा कायदा झाला, 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि त्याची जागा 2021 च्या अधिक कडक कायद्याने घेतली. बळजबरी आणि लालूच यांना आळा बसावा हे योग्यच. परंतु धर्म पारखून तो स्वेच्छेने घेणाऱ्यालाही ज्यात आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, अशा व्यवस्थेत भोजाच्या कोंडलेल्या सभेची आठवण विचारी माणसाला झाल्यावाचून राहत नाही.

धारच्या पश्चिमेकडील तिरला हा भिल्लवस्तीचा विकासखंड या चर्चेत एक वेगळाच प्रश्न घालतो. बाबदेव आणि गावदेव यांना मानणाऱ्या, ग्रंथ नसलेल्या आणि पुरोहितवर्गावर न बेतलेल्या आदिवासी श्रद्धांना म्यूरपासून आंबेडकरांपर्यंत कोणीच पूर्णपणे हिशेबात धरलेले नाही. हिंदू संघटना, ख्रिस्ती मिशने आणि भगत पंथ या सर्वांनी भिल्लांना काही तरी देऊ केले. त्यांचे स्वतःचे काय आहे, हे विचारण्याची तसदी थोड्यांनीच घेतली. देवासला 1948 पासून राहिलेल्या कुमार गंधर्वांनी नाथपंथी गायकांकडून ऐकलेली निर्गुण पदे रसिकांपर्यंत पोहोचवली, तेव्हा माळव्यातील या ग्रंथबाह्य श्रद्धेचा एक पदर मराठी घरांना ऐकू आला. तिच्या बाकीच्या पदरांची दखल घेतल्याशिवाय माळव्याचा धर्मशोध पूर्ण होणार नाही.

या इतिहासाचे लिखित साधन आजही विखुरलेले आहे. फुल्यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1969 पासून सर्वांना उपलब्ध करून दिले आहे, परंतु ‘मतपरीक्षाशिक्षा’, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ आणि ‘प्रभावकचरिता’तील सूराचार्यांचे प्रकरण हे तीन पाठ शेजारी शेजारी, मराठी टिपांसह, एका ग्रंथात वाचायला मिळावेत अशी मोठी गरज आहे. धार, देवास, उज्जैन आणि सीहोर येथील जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर पोथ्या आणि दप्तरे अजून असतील. ज्यांच्याकडे ती असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेला किंवा जवळच्या एखाद्या ग्रंथालयाला दाखवावीत, आणि ज्यांना संस्कृत व मराठी दोन्ही येते अशा तरुण अभ्यासकांनी हे संपादन हाती घ्यावे, अशी विनंती आहे.